नोकरीची मुलाखत आणि तिची तालीम

मराठीतील 'मुलाखत' हा शब्द मुळात केवळ भेटीचा वाचक आहे. अरबी-फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला तेव्हा त्याला परीक्षेचा वास नव्हता. दोन माणसांची गाठ पडली की मुलाखत झाली. पुढे वृत्तपत्रांनी तो एका अर्थाने रुळवला आणि नोकरभरतीने दुसऱ्या. आता मुलाखत घेणारा एक असतो आणि देणारा दुसरा, व या दोन क्रियापदांतच उभयतांच्या स्थानांतील अंतर उमटलेले आहे. हिंदीने याच व्यवहारासाठी 'साक्षात्कार' हा शब्द योजला. मराठी वाचकाला त्याचे हसू आल्यावाचून राहत नाही. कारण मराठीत साक्षात्कार होतो तो संतांना, आणि तोही बहुधा उपजीविकेची चिंता सुटल्यानंतर.

तथापि या योगायोगात थोडे तथ्य आहे. परक्या देशात जाऊन पडलेल्या प्रौढ माणसाने कोणत्याही कचेरीत मुलाखतीला बसावे, प्रश्नांतील शब्दन् शब्द त्याला कळावा, उत्तरेही त्याने बहुतांशी शुद्ध द्यावीत, आणि तरीही समोरच्यांना नेमके काय ऐकावयाचे होते हे त्याला अखेरपर्यंत उमगू नये, हा अनुभव ब्रिटनमधील भारतीय उपखंडीय स्थलांतरितांच्या दोन पिढ्यांनी घेतला आहे. अशा माणसांकडून मुलाखतीची तालीम करून घेणारे स्वयंसेवक तेथील गावोगावी आढळतात. निवृत्त शिक्षिका, कचेरीतला एखादा कारकून, विद्यापीठातला विद्यार्थी अशी ही मंडळी. सार्वजनिक ग्रंथालयाची मागची खोली, शाळेचा संध्याकाळी मोकळा झालेला वर्ग किंवा उमेदवाराच्याच घरातील बैठकीची खोली, हे त्यांचे रंगस्थळ. दोन खुर्च्या समोरासमोर मांडावयाच्या, एकाने साहेब व्हावयाचे, दुसऱ्याने स्वतः व्हावयाचे. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा पुष्कळच अवघड असते. हे स्वयंसेवक नेमके काय शिकवतात? 'इंग्रजी' हे उत्तर सहज सुचते. स्वयंसेवकही प्रारंभी तसेच समजतात, आणि बहुतेकांचा तो समज पहिल्या दोन-तीन बैठकींतच डळमळू लागतो.

ब्रिटनमधील या ऐच्छिक कार्याची मुळे १९७० च्या दशकात सापडतात. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले सुमारे २८,००० आशियाई लोक ब्रिटनमध्ये आले, तेव्हा त्यांच्या तात्पुरत्या छावण्यांतून ऐच्छिक संस्थांनी मोठे काम केले. या निर्वासितांपैकी पुष्कळांना इंग्रजी उत्तम येत होते. त्यांची अडचण वेगळी होती. कंपाला किंवा जिंजा येथे ज्याने दुकान चालवले, माणसे कामावर ठेवली, त्याच्यावर पन्नाशीच्या घरात प्रथमच टेबलाच्या अलीकडच्या बाजूस बसण्याची पाळी आली. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन इंग्रजी शिकवण्याच्या योजनाही याच दशकात अनेक नगरपालिकांनी स्वयंसेवकांच्या बळावर चालवल्या. बी.बी.सी. ने १९७७ मध्ये 'परोसी' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू केली तीही अशाच स्त्रियांना शेजारपाजारच्या इंग्रजीची ओळख व्हावी म्हणून. मालिकेचे नाव हिंदी-उर्दूतले असावे व त्याचा अर्थ 'शेजारी' असावा, हे त्या योजनांच्या वृत्तीला धरूनच होते. तिथे शिकवणे हा शेजारधर्म मानला गेला होता.

नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न मात्र ऐरणीवर आला तो थोडा नंतर, आणि त्याचे कारण आर्थिक होते. पश्चिम लंडनमधील साउथॉल येथे १९५० नंतर जे पंजाबी कामगार स्थायिक झाले, त्यांतील बहुसंख्यांनी मुलाखत अशी कधी दिलीच नव्हती. भाऊ, मेहुणा किंवा गाववाला कारखान्यात आधीच असे. तो मुकादमाच्या कानावर घाली, आणि सोमवारपासून माणूस कामावर हजर होई. रात्रपाळीची संपूर्ण तुकडीच्या तुकडी एका भाषेची असे, त्यामुळे वीस-वीस वर्षे नोकरी करूनही इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलण्याचा प्रसंग आला नाही अशी उदाहरणे विरळ नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ओतशाळा, कापडगिरण्या, रबराचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. शिल्लक राहिलेल्या किंवा नव्याने निघालेल्या नोकऱ्यांचे दार मुकादमाच्या हाती नव्हते. ते छापील अर्ज आणि मुलाखत या दोन कुलपांनी बंद होते. हाताला काम ठाऊक असलेला माणूस कामाविषयी बोलता येत नाही म्हणून नापास होऊ लागला. तालमीची गरज येथे उत्पन्न झाली.

या अपयशाचा भाषाशास्त्रीय उलगडा ज्यांनी केला, त्यांत जॉन गम्पर्झ यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. महाराष्ट्रातील अभ्यासकांना ते निराळ्या कारणाने परिचित आहेत. सांगलीजवळच्या कुपवाड गावातील कानडी, मराठी आणि उर्दू यांच्या सहवासावर त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. शेकडो वर्षांच्या शेजारामुळे त्या गावातील तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे. शब्द तेवढे ज्याचे त्याच्याकडे राहिले आहेत, असे त्यांनी तेथे दाखवले. शब्द वेगळे, सांगाडा एक. तेच गम्पर्झ पुढे साउथॉलला गेले तेव्हा त्यांना जे आढळले ते कुपवाडच्या अगदी उलट होते. दोन्ही पक्षांचे शब्द एक, व्याकरणही बव्हंशी एक, परंतु शब्दांखालचा सांगाडा भिन्न.

हीथ्रो विमानतळावरील उपाहारगृहाचे त्यांचे उदाहरण आता पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र फिरते. तेथे नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी बायका जेवण वाढताना 'ग्रेव्ही' हा एकच शब्द उच्चारीत, पण त्यांचा स्वर शेवटी खाली उतरे. इंग्रज कानाला तो प्रश्न वाटत नसे. 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या' असा त्याचा अर्थ लागे, आणि बायका उर्मट आहेत अशी तक्रार होई. इंग्रज वाढपीण हाच शब्द स्वर चढवून म्हणे, आणि तिचे ते अगत्य ठरे. दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रणे ऐकवल्यावर घोटाळा कशात आहे ते उघड झाले. १९७९ साली गम्पर्झ, टॉम जप आणि सीलिया रॉबर्ट्स यांच्या सहकार्याने बी.बी.सी. साठी जॉन ट्विचिन यांनी 'क्रॉसटॉक' हा माहितीपट तयार केला. त्यात ग्रंथालयातील जागेसाठी आलेल्या एका दक्षिण आशियाई उमेदवाराच्या मुलाखतीचे दृश्य आहे. ही जागा आपल्याला का हवी, या प्रश्नावर तो आपल्या आधीच्या नोकऱ्यांपासून आरंभ करतो. मुख्य मुद्द्याकडे तो येणारच असतो. पण तेथवर पोचेपर्यंत ऐकणाऱ्यांचे लक्ष सुटलेले असते.

मराठी वाचकाने आपल्याच पत्रलेखनाची जुनी रीत क्षणभर आठवावी. साष्टांग नमस्कार, वडीलधाऱ्यांची विचारपूस, इकडील क्षेम, आणि मग कोठे 'पत्रास कारण की'. कारण सांगण्याआधी भूमिका बांधणे ही तेथे सभ्यता असते. दारातूनच कारण ओरडून सांगणारा माणूस अडाणी ठरतो. इंग्रजी मुलाखतीला कारण आधी हवे असते आणि भूमिका, उरलीच तर, मागाहून. पूर्वपीठिका आधी मांडून निष्कर्षाकडे चढत जाणारा उमेदवार तेथे 'मुद्द्याला बगल देतो' असा शेरा मिळवतो. त्यातही, महत्त्वाचे काय हे इंग्रज माणूस ज्या स्वराघाताने सुचवतो, त्याच स्वराघाताचा उपयोग उपखंडीय इंग्रजीत निराळ्या कामासाठी होत असल्याने, वाक्यातले महत्त्वाचे शब्द कोणते हेही ऐकणाऱ्यास समजत नाही.

गम्पर्झ यांनीच तुलनेसाठी घेतलेल्या आणखी दोन मुलाखती येथे अधिक उपयुक्त आहेत. व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळावा म्हणून एक स्थानिक गवंडी आणि एक भारतात जन्मलेला वीजतंत्री मुलाखतीस आले. तुम्ही आमचे केंद्र पाहिले आहे काय, असा प्रश्न दोघांनाही विचारला गेला. गवंड्याने होकार दिला आणि जोडीला, कार्यशाळा हिंडून पाहिली, ठीक वाटली, अशा आशयाचे काहीसे गुळमुळीत पण आपुलकीचे शब्द टाकले. वीजतंत्र्याने होकार दिला आणि तो थांबला. प्रश्नाचे उत्तर त्याने पूर्ण आणि खरे दिले होते. परंतु तो प्रश्न माहितीसाठी नव्हताच. 'तुम्हांला या कामात रस आहे काय, हे आम्हांला दिसू द्या' अशी ती सूचना होती. ती न कळल्याने पुढे जे घडले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. मुलाखत घेणारा गवंड्याशी गप्पांच्या वळणावर गेला. वीजतंत्र्याशी मात्र तो तपासणीच्या वळणावर गेला. भत्ता किती मिळतो ठाऊक आहे का, तेवढ्यात भागवता येईल का, असे प्रश्न सुरू झाले. बोलण्याची संधी जसजशी आकसली, तसतशी उमेदवाराची उत्तरेही आकसली. दोघांपैकी कोणीही दुष्टपणा केला नाही. एका होकारानंतरच्या मौनाने दोन मुलाखतींचे दोन भिन्न प्रकार होऊन बसले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे ओळखीची भूमी लागते. नोकरीची मुलाखत हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि अन्य प्रकारांप्रमाणे त्याचेही संकेत आहेत. फरक इतकाच की, ओवीचे किंवा लावणीचे संकेत कोणी ना कोणी सांगितलेले असतात. मुलाखतीचे संकेत ज्यांना ठाऊक असतात त्यांना ते संकेत आहेत हेच ठाऊक नसते. 'तुमच्याविषयी काही सांगा' हे वाक्य घ्या. व्याकरणाने ती आज्ञा आहे, आशयाने निमंत्रण आहे, आणि प्रत्यक्षात ती एक अतिशय घट्ट चौकट आहे. गाव, आईवडील, भावंडे, लग्न यांना तेथे जागा नाही. म्हणजे बहुतेक भारतीय माणूस 'स्वतःविषयी' म्हणताच ज्या ज्या गोष्टींनी आरंभ करील, त्या सर्व वर्ज्य आहेत. विल्यम लबॉव आणि जोशुआ वॅलेट्स्की यांनी १९६७ मध्ये मौखिक निवेदनाचे जे घटक सांगितले, त्यांत प्रसंगाची पार्श्वभूमी, गुंतागुंत, उकल यांबरोबरच 'मूल्यमापन' हा एक घटक आहे: ही गोष्ट मी का सांगतो आहे, हे निवेदकाने ऐकणाऱ्यास जाणवून देणे. नोकरीच्या मुलाखतीत भर असतो तो या शेवटच्या घटकावर. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय सोपवले होते, तुम्ही काय केले, त्याचा परिणाम काय झाला, असा जो चार पायऱ्यांचा साचा आज उमेदवारांना सर्रास पढवला जातो, तो याच निवेदनशास्त्राची कचेरीत शिरलेली आवृत्ती होय. त्यात तिसऱ्या पायरीवर 'मी' हा कर्ता प्रथमेत उभा असावा लागतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्या भाषा अडून बसतात. मराठीत माणूस 'शिवणकाम जाणतो' असे क्वचित म्हणतो. त्याला शिवणकाम येते. काम त्याला जमते, आठवण त्याला होते, थंडी त्याला वाजते. अनुभवणारा माणूस चतुर्थीत एका बाजूला उभा असतो आणि गोष्टी त्याच्याकडे येतात. ही रचना एकट्या मराठीची नाही. हिंदी, पंजाबी, गुजराती आणि द्राविड भाषा यांत ती पसरलेली आहे, व कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात उपखंडाला एक भाषिक क्षेत्र ठरवताना तिचा विचार केला आहे. 'मला ते काम येते' याचे इंग्रजी करताना उमेदवार शब्द बरोबर शोधतो, पण कर्तेपण अंगावर घेण्याची ती सवय त्याच्यापाशी नसते. 'काम झाले', 'मशीन दुरुस्त झाले' असे तो सांगतो. कोणी केले, असे विचारले तर 'आम्ही केले' म्हणतो. येथील 'आम्ही' हा विनय आहे, तुकडीविषयीचा प्रामाणिकपणा आहे. पण समोरच्याला त्यात उमेदवाराचे स्वतःचे कर्तृत्व संशयास्पद वाटू लागते.

गुजरातीचे एक उदाहरण मराठी वाचकाला विशेष रंजक वाटेल. 'मने सीवतां आवडे छे' असे गुजराती स्त्री म्हणते तेव्हा तिला शिवणे आवडते असे तिला म्हणावयाचे नसते. तिला ते येते, एवढेच ती सांगते. तेच क्रियापद मराठीत कौशल्याऐवजी आवडीचे होऊन बसले आहे. मुलाखतीला ही दोन्ही क्रियापदे एकदम हवी असतात. काम येते हे तर सिद्ध करायचेच, शिवाय ते आवडते हेही दाखवायचे. लेस्टरच्या कापडउद्योगात वर्षानुवर्षे शिवणयंत्र चालवलेल्या बाईला 'या कामात तुम्हांला काय आवडते' असे विचारणे म्हणजे तिला गुजराती क्रियापदाऐवजी मराठी क्रियापद वापरण्यास सांगण्यासारखे आहे. कामाची आवड असणे-नसणे हा प्रश्न तिला तोवर कोणी विचारलेलाच नसतो. काम हे मुलांच्या शिक्षणासाठी होते.

व्याकरणाखाली आणखी एक थर आहे, तो संस्कारांचा. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत. आपणच आपली स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत सुटणारा, या दोघांची गणना त्यांनी तेथे केली. ब्रिटनमधील मुलाखत घेणाऱ्यांना दुसरे लक्षण समर्थांइतकेच अमान्य आहे. पहिले मात्र त्यांना आवश्यक वाटते. अर्थात इंग्रजांतही फुशारकी निंद्यच मानली जाते. तेथील कसब हे आहे की, स्तुती न वाटेल अशी स्तुती करायची: 'मी फार कष्टाळू आहे' असे न म्हणता, एका दिवशी माल उशिरा आला तेव्हा मी काय केले याची छोटी, थोडी गमतीदार हकीकत सांगायची. विनयाचा हा इंग्रजी अवतार ज्याला परिचित नाही, तो एक तर गप्प राहतो, किंवा 'मी कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर' अशी विशेषणांची माळ ओवतो. दोन्ही प्रकारे तो हरतो.

स्वयंसेवकाला पडणारा पहिला मोह येथे लक्षात घ्यावयास हवा. त्याला उत्तर ठाऊक असते. मग ते लिहून देऊन पाठ करून घ्यावे, हा मार्ग जवळचा वाटतो. उमेदवारालाही तो प्रिय असतो, कारण पाठांतर ही आपल्याकडील विद्येची जुनी आणि आदरणीय रीत आहे. पण पाठ केलेले उत्तर एका विशिष्ट प्रश्नाला बांधलेले असते. प्रश्न थोडा वळवून आला की ते भलत्याच जागी बाहेर पडते, किंवा मधला एखादा शब्द निसटला की सगळेच कोसळते. त्याहून वाईट म्हणजे, पाठ म्हणणारा माणूस ऐकत नाही, आणि ऐकणे दिसले नाही की मुलाखत घेणाऱ्यांना बोलणे खोटे वाटू लागते. 'तालीम' या मराठी शब्दाला नाटकाचा जसा अर्थ आहे तसा आखाड्याचाही आहे. मुलाखतीला दुसऱ्या अर्थाची तालीम अधिक मानवते. मल्ल जी मेहनत करतो ती डाव पाठ म्हणून दाखवण्यासाठी करीत नाही. समोरच्याचा डाव अंगाला ओळखू यावा म्हणून करतो.

अनुभवी स्वयंसेवक म्हणून उत्तरांआधी प्रश्नांवर काम करतात. 'आमच्या दुकानात काम करावे असे तुम्हांला का वाटले' यातील 'का' खरोखर कारण विचारीत आहे काय? 'मला पैशांची गरज आहे' हे सत्य उत्तर येथे का चालत नाही, आणि ते चालत नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असताना तो का विचारतो? या चर्चेला उमेदवाराच्या मातृभाषेत वाव मिळाला तर ती अधिक रंगते. मग बोलणे ध्वनिमुद्रित करून दोघांनी मिळून ऐकावयाचे, आणि कोठे संवाद अडला तेथे थांबावयाचे. ही पद्धत साउथॉलच्या प्रशिक्षकांनी गम्पर्झ यांच्या काळात रूढ केली. स्वयंसेवकालाही तीतून काही कळते: उमेदवार बोलायच्या आत आपणच किती वेळा बोललो, आणि त्याचा पुढचा शब्द येण्याआधी किती वेळा प्रश्न सोपा करून त्याच्या हातून काढून घेतला.

निर्वासितांच्या बाबतीत अडचण आणखी गहिरी आहे. त्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी मुलाखत नोकरीची नसते. आश्रय मागणाऱ्याची सरकारपुढील मुलाखत ती असते. तेथे तारीख चुकली, दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला, तर विश्वासार्हता जाते. म्हणून जेवढे विचारले तेवढेच, पुराव्यासह आणि क्रमवार सांगावे, हे त्यांनी जिवाच्या भीतीने शिकलेले असते. तीच व्यक्ती काही वर्षांनी नोकरीसाठी बसते तेव्हा तिच्याकडून नेमके उलट अपेक्षिले जाते. विचारल्यापेक्षा थोडे अधिक बोला, कालक्रम सोडा, एकच प्रसंग निवडा, हसा. दोन्ही खोल्यांत टेबल सारखेच असते. त्यात 'मधली दोन वर्षे तुम्ही काय करीत होता' हा प्रश्न हटकून येतो. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज सहा महिने रखडल्यास काम करण्याची परवानगी मागता येई. ती सवलत २००२ मध्ये काढून घेण्यात आली, आणि नंतर मिळालेली सूट फार मर्यादित राहिली. म्हणजे जी रिकामी वर्षे कायद्याने निर्माण केली, त्यांचा जबाब उमेदवाराने द्यावयाचा. अशा वेळी ती वर्षे मुलाखतीत कशी सांगावीत हे शिकवणारा स्वयंसेवक एका नाजूक रेषेवर उभा असतो. काय सांगावे हे तो ठरवू शकत नाही. काय न सांगण्याचा अधिकार उमेदवाराला आहे, हे त्याने प्रथम स्पष्ट करणे योग्य.

येथवरच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप येतो. बदलायचे ते नेहमी उमेदवारानेच काय म्हणून? संकेत ज्यांचे आहेत त्यांनी ते उघड करू नयेत, आणि जे उपरे आहेत त्यांनी मात्र ते ओळखून दाखवावेत, ही निवड कामाची आहे की कुळाची? फ्रेडरिक एरिक्सन आणि जेफ्री शुल्ट्झ यांनी अमेरिकेतील समुपदेशकांच्या मुलाखतींचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. अशा प्रसंगी टेबलापलीकडचा माणूस द्वारपाल असतो, आणि उमेदवाराशी त्याचे काही समान नाते निघाले, जसे एकच शाळा किंवा एकच खेळ, तर दार अधिक सहज उघडते, असे त्यांना दिसले. साउथॉलचा मेहुणा कारखान्यातून गेला, पण वशिला गेला नाही. तो अधिक सूक्ष्म झाला, असे यावर म्हणता येईल.

ब्रिटनने १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने अप्रत्यक्ष भेदभावही बेकायदा ठरवला. कामाला जितकी भाषा लागते त्यापेक्षा जास्त भाषेची अट घालणे त्यामुळे आक्षेपार्ह झाले. पुढे समान संधीच्या धोरणांनुसार मुलाखती प्रमाणबद्ध करण्यात आल्या. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, गुण ठरावीक रकान्यांत. हेतू स्वच्छ होता. परिणाम मात्र पूर्णतः तसा झाला नाही. सीलिया रॉबर्ट्स आणि सारा कॅम्बेल यांनी माल रचणे, बांधणे, पोचवणे अशा कमी पगाराच्या नोकऱ्यांसाठी झालेल्या साठेक खऱ्या मुलाखतींचे चित्रण अभ्यासले. त्यांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये जन्मलेले अल्पसंख्य उमेदवार आणि गोरे उमेदवार यांच्या यशात मोठा फरक त्यांना आढळला नाही. मागे पडले ते परदेशांत जन्मलेले. पेटी उचलण्याच्या कामासाठी ज्या प्रकारची भाषा मुलाखतीत मागितली जाते, ती पेटी उचलताना कधीही लागत नाही. प्रश्न सर्वांना सारखाच विचारायचा म्हणून तो कोणासाठी सोपा करून सांगण्याचीही सोय राहिली नाही. मुकादमाच्या काळात निदान अडलेला प्रश्न खुणेने समजावता येई.

१९७० च्या दशकातील औद्योगिक भाषा-प्रशिक्षणाचा मोठेपणा या पार्श्वभूमीवर दिसतो. त्या योजनांत कामगारांबरोबर पर्यवेक्षक आणि निवड करणारे अधिकारी यांनाही विद्यार्थी मानले होते. ध्वनिमुद्रण दोघांनीही ऐकावयाचे असे. सरकारी पैसा आटला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती व्यवस्था मोडली. तिचा सिद्धान्त रॉबर्ट्स, डेव्हिस आणि जप यांच्या १९९२ च्या ग्रंथात नोंदला गेला. तिचा अर्धा भाग, म्हणजे उमेदवाराची तालीम, पुन्हा शेजारधर्माकडे आला. दुसरा अर्धा भाग, ऐकणाऱ्याची तालीम, बव्हंशी कोणाकडेच आला नाही. स्वयंसेवकांपैकी जे पूर्वी स्वतः निवड समित्यांवर बसलेले असतात, त्यांच्यापुरती ती आपोआप घडते. एखादा निवृत्त व्यवस्थापक आठवड्यातून एकदा अशी खोटी मुलाखत घेऊ लागला, की आपण खऱ्या मुलाखतींत कोणाकोणाला कशावरून नाकारले हे त्याला आठवू लागते. हा लाभ कोणत्याही अहवालात मोजलेला नसतो.

तालमीत सर्वांत अखेरीस येते ते मुलाखतीतील शेवटचे वाक्य: 'तुम्हांला आम्हांला काही विचारायचे आहे का?' यावर 'नाही, धन्यवाद' असे म्हणून उठणे हे बहुतेक उमेदवारांना शोभनीय वाटते. वडिलांना किंवा साहेबाला उलट प्रश्न करणे त्यांच्या अंगवळणी नसते. स्वयंसेवक तेथे प्रश्न सुचवून पाहतो: पाळ्या कशा असतात, काम कोण शिकवते, सुरुवात केव्हापासून. उमेदवार ते एकदा चाचरत म्हणतो, दुसऱ्यांदा थोडे सावरून. मग खुर्च्या बदलतात. स्वयंसेवक उमेदवाराच्या जागी बसतो, आणि उमेदवार पहिल्यांदाच साहेबाच्या खुर्चीतून त्याला विचारतो की, तुमच्याविषयी काही सांगा. बहुतेक स्वयंसेवक या क्षणी थोडे अडखळतात.